ठिपक्यांवरची पेन्सिल

15 सप्टेंबरच्या आसपास अमेरिकेतल्या किंडरगार्टनमधली मुलं एक निराळाच कागद दप्तरातून घरी आणतात. डाव्या कडेला इवलासा बेडूक, उजव्या कडेला पान आणि मधे ठिपक्यांची लाटेसारखी रेष. बेडूक पोर्तो रिकोतला, कोकी नावाचा, रात्रभर आपलंच नाव घेऊन ओरडणारा. त्याला पेन्सिलीने पानापर्यंत पोचवायचं. खालच्या ओळीत खुळखुळ्यासारखं वाद्य माराका, त्याखाली रंगीत कागदांनी मढवलेली पिन्याता, आणि प्रत्येकाच्या पुढे गिरवायची रेष.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही हा कागद येतो. भारतातून नातवंडांकडे आलेली आजी तो उलटसुलट करून बघते आणि सुनेला विचारते, "अगं, पण यात अक्षर कुठंय?"

प्रश्न रास्त आहे. आपण मुलाच्या हातात पाटी दिली ती अक्षर गिरवण्यासाठी; बेडकाची वाट गिरवण्यासाठी नव्हे. तरीही या कागदावर अक्षर नाही हेच त्याचं बळ आहे, असं मला वाटतं. मात्र ते बळ सगळ्याच कागदांत नसतं.

आधी तारखेचं. अमेरिकेत 1968 साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांशी नातं सांगणाऱ्या लोकांच्या, वारशाचा आठवडा सुरू झाला आणि 1988 मध्ये त्याचा महिना झाला. हा महिना 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर असा अर्ध्यावर सुरू होऊन अर्ध्यावर संपतो. कारण कोस्टा रिका, एल साल्वादोर, ग्वातेमाला, होन्डुरास आणि निकाराग्वा या पाच देशांचं स्वातंत्र्य 15 सप्टेंबर 1821 चं. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन लगेच दुसऱ्या दिवशी, चिलीचा 18 तारखेला. अमेरिकेच्या सरकारी शाळांतल्या दर चार मुलांमागे एकाहून जास्त मूल हिस्पॅनिक घरातलं असतं, त्यामुळे हा सण परक्यांचा नाही, वर्गातल्याच मुलांचा आहे. शाळा नुकतीच सुरू झालेली, मुलं पाच वर्षांची, बहुतेकांच्या बोटांना पेन्सिलीची नीट सवय नाही. हाताची तयारी आणि वारशाचा महिना एकाच वेळी येतात आणि एकाच कागदावर उतरतात.

आता हाताकडे येऊ. मुलाचा हातावरचा ताबा खांद्याकडून बोटांकडे सरकत जातो. दीड वर्षाचं मूल खडू मुठीत आवळून धरतं आणि अख्खा हात फिरवतं. दोन-तीन वर्षांचं झालं की बोटं खडूवर येतात, पण रेष निघते कोपरातून. साडेतीन-चारच्या सुमारास अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशी तिघांची पकड जमते. मात्र बोटं अजून गप्प असतात, मनगट सगळं काम करतं. साडेचार ते सहा या काळात कधीतरी ती तीन बोटं स्वतः हलू लागतात, पेन्सिलीचं टोक पुढेमागे खेळवू लागतात. लहान अक्षर काढायला हीच हालचाल लागते. किंडरगार्टनचं वर्ष नेमकं या वळणावर येतं. एकाच बाकावर एकाची बोटं हललेली असतात, शेजारच्याचं अजून मनगटच चालू असतं, आणि दोघांनाही तोच कागद मिळतो.

आकारांनाही क्रम असतो. मूल आधी उभी रेष बघून काढू शकतं, मग आडवी, मग गोल. अधिकचं चिन्ह चौथ्या वर्षाच्या आसपास, चौकोन त्यानंतर, त्रिकोण आणखी पुढे. तिरकी रेष उभ्या-आडव्यापेक्षा बरीच अवघड, कारण तिच्यात हाताला दोन दिशांचं काम एकाच वेळी करावं लागतं. नजर आणि हात यांचा मेळ तपासणाऱ्या कीथ बीरी यांच्या चाचणीत हे आकार चढत्या क्रमाने लावलेले आहेत. उभ्या रेषेपासून त्रिकोणापर्यंत पहिले नऊ. 1994 मध्ये वेल आणि ॲमंडसन या दोन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी किंडरगार्टनच्या 60 मुलांवर पाहिलं, की ज्यांना हे नऊ आकार बघून काढता येतात त्यांना अक्षरंही लक्षणीय चांगली काढता येतात. लेखनाचे धडे किंडरगार्टनच्या दुसऱ्या सहामाहीपर्यंत थांबवले तर बहुतेक मुलांचा हात तयार असेल, असा त्यांचा सूर होता. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी उचललेल्या कॉमन कोअर मानकांतही या वर्गाकडून एवढंच मागितलेलं आहे, की मुलाला बरीचशी मोठी आणि लहान अक्षरं सुटी लिहिता यावीत. 'सगळी' असं म्हटलेलं नाही. आपल्याकडच्या सिनियर केजीच्या पालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मग ठिपक्यांची अक्षरं सप्टेंबरपासूनच का गिरवून घेऊ नयेत? गिरवून गिरवून ती ओळखीची होतील, असं आपल्याला सहज वाटतं. इथे एक प्रयोग आडवा येतो. इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स आणि त्यांच्या सहकारी लॉरा एंगेलहार्ट यांनी 2012 मध्ये तो प्रसिद्ध केला. अजून वाचता न येणाऱ्या, पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांना त्यांनी काही अक्षरं आणि आकार तीन प्रकारे करायला दिले: काही स्वतःच्या हाताने कोऱ्या जागेवर काढायचे, काही ठिपक्यांवरून गिरवायचे, काही कळफलकावर नुसते दाबायचे. नंतर एमआरआय यंत्रात मुलांना तीच अक्षरं दाखवली. पुढे वाचनासाठी वापरला जाणारा मेंदूतला मार्ग जागा झाला तो स्वतः काढलेल्या अक्षरांपाशी. दाबलेल्या अक्षरांना तसा प्रतिसाद नव्हता, हे अपेक्षित होतं. पण गिरवलेल्या अक्षरांनाही तो मिळाला नाही.

कारण शोधायला दूर जायला नको. कोऱ्या कागदावर ए काढायचा तर मुलाला ठरवावं लागतं, की सुरुवात कुठून, किती उंच, वळायचं कधी. निघतो तो वाकडा, दुसरा त्याहून वाकडा, तिसरा लठ्ठ. त्या दहा वेड्यावाकड्या रूपांतून ए म्हणजे काय हे डोक्यात पक्कं होतं. ठिपक्यांवर यातलं काहीच ठरवावं लागत नाही. नजर पुढच्या ठिपक्यावर, हात नजरेच्या मागे. मुलाजवळ बसून नीट पाहिलं तर हे दिसतं: पेन्सिल प्रत्येक ठिपक्यावर क्षणभर टेकते, उचकते, पुन्हा निघते. कागदावर सलग दिसणारी रेष खरं तर वीस तुकड्यांची असते. काही मुलं अक्षर खालून वर गिरवतात, काही मधूनच सुरू करतात. तयार कागद दोघांनाही शाबासकी देतो, कारण शेवटी अक्षर तर झालंच!

व्हर्जिनिया बर्निंजर आणि सहकाऱ्यांचं 1997 चं संशोधन याच अंगाचं आहे. लेखनात मागे पडलेल्या पहिलीच्या मुलांना वेगवेगळ्या पद्धतींनी शिकवून पाहिल्यावर सर्वांत सरस ठरली ती ही: क्रमांक घातलेले बाण दाखवणारं अक्षर नीट बघायचं, झाकायचं आणि आठवून लिहायचं. ठिपके त्यात नाहीतच.

गिरवणं मग टाकाऊ का? नाही. ते हाताचा व्यायाम आहे, आणि त्या कामात ते चोख आहे. रेषेवर राहणं, नेमक्या जागी थांबणं, वळणावर पेन्सिल न उचलता दिशा बदलणं, दाब सारखा ठेवणं, दुसऱ्या हाताने कागद धरून ठेवणं हे सगळं त्यातून येतं. हे शिकायला अक्षर लागत नाही. उलट अक्षर नसलेलं बरं, म्हणजे चुकीच्या दिशेने काढलेला बी शंभर वेळा घोटला जात नाही.

ही फोड मारिया मॉन्टेसोरी यांनी फार आधी केली होती. 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं, तिथून पुढे त्यांच्या साधनांत दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक, धातूच्या चौकटी: मुलाने त्यांच्या कडेने पेन्सिल फिरवायची आणि आतली जागा समांतर रेषांनी भरायची. दुसरी, खरखरीत कागदाची अक्षरं: त्यांवरून पेन्सिल नाही, नुसती बोटं फिरवायची. पहिली हातासाठी, दुसरी अक्षराच्या ओळखीसाठी. ताराबाई मोडक आणि त्यांच्यानंतर अनुताई वाघ यांच्यामुळे हा विचार महाराष्ट्राच्या बालवाड्यांत आला, बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत गेला. आजीला द्यायचं उत्तर आपल्या घरातच होतं म्हणायचं.

आता पुन्हा सप्टेंबरच्या कागदाकडे. व्यायामच हवा असेल तर रेष कसली घ्यायची? बहुतेक तयार कागद इथे घसरतात. सोम्ब्रेरो टोपी, टाको, निवडुंग आणि मिशी: या चार वस्तूंत वीस देश उरकले जातात. संस्कृतीची त्यात जी गत होते ती होतेच, पण हाताचंही नुकसान होतं. टोपीची बाह्यरेषा म्हणजे एक लांबलचक भटकंती; तिच्यात कोणतीच हालचाल दुसऱ्यांदा येत नाही. हाताला लागते पुनरावृत्ती. तेव्हा चित्र नको, नक्षी हवी. आणि नक्षीला लॅटिन अमेरिकेत तोटा नाही.

सुरुवात पेरूपासून करावी. नास्काच्या वाळवंटात जमिनीवर काढलेला हमिंगबर्ड 90 मीटरहून लांब आहे. वरचे काळसर-तांबूस दगड बाजूला सारून खालची फिकी माती उघडी केली, एवढंच त्याचं तंत्र. जर्मनीहून आलेल्या मारिया राइशे यांनी या आकृत्या मोजण्यात आणि जपण्यात आयुष्य घालवलं. 1994 मध्ये या आकृत्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपल्या कामाची गोष्ट अशी, की यातल्या बऱ्याच आकृत्या एकाच सलग रेषेच्या आहेत. रेष एका टोकाने निघते, पंख-चोच-शेपूट करते आणि स्वतःला न छेदता बाहेर पडते. त्यामुळे ती चालता येते. वर्गाच्या फरशीवर रंगीत चिकटपट्टीने नास्कातल्याच माकडाची गुंडाळलेली शेपटी आखावी आणि मुलांना तिच्यावरून चालू द्यावं. मग तीच फळ्यावर खांद्यातून, मग वाळूच्या ताटात बोटाने, आणि शेवटी कागदावर पेन्सिलीने. हात जसा खांद्याकडून बोटांकडे वाढतो, त्याच वाटेने नक्षीही लहान होत जाते. गुंडाळीची दिशा मात्र तपासून घ्यावी. इंग्रजी सी, ओ, ए, डी, जी, क्यू ही सगळी लहान अक्षरं घड्याळाच्या उलट वळणाने सुरू होतात. गुंडाळी घड्याळाच्या दिशेने गिरवून घेतली, तर पुढे जे मोडावं लागेल तेच आपण मुरवत असतो.

सरळ रेषांसाठी मेक्सिकोच्या वाहाका राज्यातल्या मित्लाच्या भिंती. दगडाचे बारीक तुकडे बसवून केलेली पायऱ्यांची नक्षी तिथे ओळीने चालते, आणि जवळच्या तेओतित्लान देल वायेचे विणकर तीच आपल्या लोकरीच्या गालिच्यांत आणतात. उभं, आडवं, उभं, आडवं, प्रत्येक कोपऱ्यावर थांबा. मोठ्या एल, टी, एच, ई यांची ही तालीम. पनामाच्या गुना बायकांचे मोला दुसऱ्या कामाचे: कापडाचे थर एकावर एक ठेवून वरचे कापायचे आणि खालचा रंग दाखवायचा. त्यातून अरुंद समांतर पट्ट्यांचा चक्रव्यूह होतो. रेषेवर राहणं ज्याला अजून जमत नाही, त्याला अशा दोन कडांच्या मधून पेन्सिल न्यायला द्यावी. पुएब्लाच्या तालावेरा फरशांवरच्या निळ्या वेलबुट्ट्या वळणांसाठी चांगल्या. याच आयबेरियन परंपरेची पोर्तुगीज शाखा पणजीच्या फोंतेन्यासमध्ये घरांच्या पाट्यांवर अजून दिसते.

पापेल पिकादोवर थोडं थांबायला हवं, कारण तयार कागदांत तो नेहमी असतो आणि नेहमी चुकीच्या वेळी येतो. पातळ रंगीत कागदांच्या या कोरीव पताका मेक्सिकोत सणासुदीला रस्त्यांवर टांगतात. पुएब्ला राज्यातलं सान साल्वादोर उइश्कोलोत्ला हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. कारागीर चाळीस-पन्नास कागदांची चळत लावतो, सर्वांत वर आखलेला नमुना ठेवतो आणि सरळ, अर्धगोल, चंद्रकोरी अशा धारेच्या छिन्न्या हातोडीने ठोकत रेषेरेषेने जातो. कोरलेले भाग एकमेकांना धरून राहावेत म्हणून मधे कागदाचे पूल सोडावे लागतात. एक विसरला तर पन्नास पताकांना एकदम भोक. या पताकांच्या खालच्या कडेला बहुधा अर्धगोलांची झालर असते किंवा नागमोडी दाते. कागद छापणारे दाते निवडतात, ते उठून दिसतात म्हणून. पण दाते म्हणजे तिरक्या रेषा, तिरक्या रेषा शेवटी जमतात, आणि हा कागद येतो शाळेच्या पहिल्या महिन्यात! झालर आधी द्यावी. दाते, म्हणजे मोठ्या एम, एन, व्ही, डब्ल्यूची तयारी, पुढच्या सहामाहीसाठी राखून ठेवावेत.

सर्वांत बोलका नमुना अर्जेंटिनाचा आहे. ब्वेनोस आइरेसमध्ये घोडागाड्या रंगवता रंगवता फिलेतेआदो नावाची कला तयार झाली: वेलांट्या, फुलं, पक्षी, सोबत एखादी म्हण. आपल्या ट्रकमागच्या रंगकामाची ही सख्खी बहीण. 1975 मध्ये तिथल्या बसगाड्यांवर तिला बंदी आली, आणि 2015 मध्ये युनेस्कोने तिला वारसा म्हणून मान्यता दिली. काळाचा न्याय असा असतो. हे कारागीर नक्षी फळीवर कशी उतरवतात, ते पाहण्यासारखं आहे. कागदावर निम्मीच नक्षी काढतात, तिच्या रेषेवर सुईने बारीक भोकं पाडतात, कागद फळीवर धरतात आणि पावडर भरलेली पुरचुंडी वरून थोपटतात. कागद उचलला की फळीवर ठिपक्यांची रेष! मग कागद पालथा घालून उरलेली निम्मी, तंतोतंत आरशासारखी. याला एस्पुल्वेरो म्हणतात. त्यावरून लांब केसांचा कुंचला जातो तो मात्र ठिपक्या-ठिपक्याला थांबत नाही. अख्खी वेलांटी एका दमात ओढली जाते आणि उरलेली पावडर पुसून टाकतात.

वर्गातल्या मुलाला नेमकं हेच शिकवायचं असतं. ठिपका कुठे जायचं ते सांगतो, कसं जायचं ते हाताने ठरवायचं. म्हणून पहिल्या ओळीत ठिपके दाट, दुसरीत विरळ, तिसरीत फक्त सुरुवातीचा हिरवा ठिपका आणि शेवटचा लाल, चौथी ओळ कोरी. चौथी ओळ नसलेला कागद मी तरी अर्धाच मानतो. मूल ठिपक्या-ठिपक्याला अडखळत असेल, तर रेष आधी हवेत ओढायला लावावी, मग कागदावर, आणि थोडी बाहेर गेली तरी चालेल असं स्पष्ट सांगावं. अचूकतेच्या धाकाने रेष संथ होते, आणि संथ रेषेतून लिहिण्याची लय येत नाही.

बाकीच्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण फरक पाडतात. पेन्सिल आखूड द्यावी, बोटभर लांबीची. खडूचा तुकडा त्याहून चांगला, कारण तो मुठीत धरता येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. कागद अधूनमधून भिंतीला चिकटवून गिरवू द्यावा, म्हणजे मनगट आपसूक योग्य बाजूला वळतं. दाब जास्त पडत असेल तर कागदाखाली मऊ फोम ठेवावा. टोक कागदात घुसू लागलं की मूल स्वतःच हात हलका करतं. आणि डावखुरं मूल विसरू नये. तयार कागदांवर नमुना डावीकडे छापलेला असतो; डावरा हात गिरवायला लागला की पहिल्यांदा झाकला जातो तो नमुनाच. तो वर किंवा उजवीकडेही छापावा, कागद उजवीकडे कलता ठेवावा. आठ-दहा मिनिटं पुरेत. त्यापुढे पकड ढासळते आणि सराव ढासळलेल्या पकडीचा होतो.

राहिला कोकी बेडूक. त्याच्या लाटेचा वर्गातल्या काही मुलांना थेट उपयोग आहे. स्पॅनिशमध्ये न या अक्षरावर एक छोटी लाट काढली की त्याचा न्य होतो. मध्ययुगातल्या लेखनिकांनी जागा वाचवण्यासाठी दोन न लागोपाठ लिहिण्याऐवजी दुसरा पहिल्याच्या डोक्यावर बारीक करून ठेवला, त्याची ही लाट झाली. 1991 मध्ये युरोपीय समुदायाने स्पेनच्या कळफलकावरच्या या अक्षराच्या सक्तीवर आक्षेप घेतला, तेव्हा देशभर गदारोळ झाला आणि स्पेनने ते राखलं. अमेरिकेतल्या शाळांच्या संगणकी याद्यांत मात्र ही लाट सर्रास गळते. पेन्याचा पेना होतो, मुन्योसचा मुनोस. किंडरगार्टनमधलं मूल सर्वांत आधी लिहायला शिकतं ते स्वतःचं नाव, आणि तेही बाकावर चिकटवलेल्या पट्टीवरून. यादीवरून पट्टी छापली तर मूल आपलं नाव चुकीचं लिहायला शिकतं. तेव्हा अशा मुलाच्या पट्टीवर बाईंनी पेनाने ती लाट काढावी, आणि काढली नसेल तर आईवडिलांनी सांगून काढून घ्यावी.